बाकी एक

सारेमा बेटावर गिरणीला पाय एकच:
ओकचा जाडजूड खांब, आणि त्यावर तोललेलं अख्खं घर.
पंख, जातं, जिना, जवाच्या गोण्या,
शिवाय म्हातारा प्रीदिक,
ज्याचा डावा गुडघा वाऱ्याच्या आधी दुखतो.

वारा फिरला की घर फिरवायचं.
"मी? घर?" बारा वर्षांची मारेत म्हणाली.
मागून जमिनीपर्यंत उतरलेली लांब तुळई त्यानं दाखवली.
"टोकाला धर. खांबाजवळ धरलंस तर बैलही हरेल."
तिनं खांदा लावला. टाचा गवतात रुतल्या.
कुरकुरत, नाखुशीनं, घर हललं.

तिनं पावलं मोजली. बारा.
घराचा कोपरा सरकला जेमतेम तीन.
"ही लबाडी आहे."
"लबाडी कसली, हप्ते आहेत.
एकरकमी द्यायला जोर नाही तुझ्याकडे,
तर थोडा थोडा दे, लांबवर चालत.
हिशेब शेवटी तेवढाच भरतो."

आत माळ्यावर मोठं चाक, सत्तावन्न लाकडी दाते.
त्यात गुंतलेली आठ दांड्यांची फिरकी,
फिरकीखाली जातं.
पंखांची एक फेरी, तर जात्याच्या सात
आणि वर थोडीशी.
"म्हणजे वेग फुकटात!"
"वेग चढला तेवढा नेट उतरला.
वारा उधार देतो, दान नाही देत."

आसाला मेंढीची चरबी, दात्यांना मेण.
हात बुळबुळीत करून ती म्हणाली,
"घर्षण म्हणजे शत्रूच ना?"
"आसापाशी शत्रू. दगडांमध्ये तेच आपली भाकरी."
"आणि ब्रेकमध्ये?"
प्रीदिक थोडा वेळ काहीच बोलला नाही.
उत्तरेच्या टेकाडावर काही काळे दगड आहेत.
कास्पारनं वादळात ब्रेक आवळला, घाबरून, घट्ट.
पंख थांबेनात. लाकडावर लाकूड घासत राहिलं.
वाऱ्याचा जोर कुठेतरी जायलाच हवा होता,
तो उष्णता होऊन छपरात शिरला.

दुसऱ्या दिवशी तिचा नवा प्रश्न:
"सत्तावन्न का? आठ सत्ते छप्पन्न, सरळ बसलं असतं."
"सरळ बसलं असतं, म्हणूनच नाही.
छप्पन्न असते तर हा दाता
जन्मभर याच एका दांडीला भेटला असता.
तिची खोड याला, याची तिला.
एक जास्त आहे, म्हणून दर फेरीला जोडी बदलते,
आठ फेऱ्यांत सगळे सगळ्यांना भेटतात,
झीज वाटली जाते.
भागाकारात बाकी एक उरली की तू पाटी आपटतेस.
इथं त्या बाकीवर गिरणी टिकलीय."

ऑक्टोबरात जवातून नालेचा खिळा आला.
दगड अडला. वर काडकन आवाज.
मारेत रडवेली; प्रीदिक तुकडा हुंगत म्हणाला,
"सफरचंदाचं लाकूड. मुद्दाम हलकं लावलंय.
आस मोडला तर वर्ष जातं,
हा मोडला तर एक दुपार."
(आपल्या भाषेत दाता म्हणजे देणाराही.
हे त्या दोघांना ठाऊक असायचं कारण नाही.)

त्याची एक दुपार, तिचे अडीच दिवस.
दोन दाते बिघडले, अंगठा कापला, तिसरा बसला.

आता दर फेरीला एकदा
उंच, कोरडा टक् येतो.
जव ओतता ओतता ती थांबून ऐकते.
"कधी जाईल हा आवाज?"
"झिजला की. मग तुझा दाता तुलाच सापडणार नाही."
ती काही बोलत नाही.
मागच्या बाजूला, जिथं काहीच घासत नाही,
तिनं आपलं अक्षर आधीच कोरून ठेवलंय.